तिहेरी नाद: चित्र, सूर आणि शब्द एकत्र सांभाळताना

ज्याला चित्र काढावंसं वाटतं, गावंसं-वाजवावंसं वाटतं आणि शिवाय लिहायचीही खुमखुमी असते, त्याला एक सल्ला फुकट आणि वारंवार मिळतो: 'आधी एक काहीतरी धड कर.' सल्ला देणाऱ्याच्या मनात 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण घोळत असते, आणि म्हण काही खोटी नाही. फक्त चिंध्या कशामुळे होतात, याबद्दल माझं मत वेगळं आहे. नाद तीन असल्याने कुणाचं बिघडत नाही. तिन्ही एकदम सारख्याच जोराने रेटायचे आणि हातावेगळं मात्र काहीच करायचं नाही, तिथे बिघडतं.

रवींद्रनाथ टागोरांचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. दोन हजारांवर गाणी, आयुष्यभराचं लेखन, आणि चित्रकलेकडे ते गांभीर्याने वळले साठीनंतर. तीही सुरुवात झाली हस्तलिखितांतल्या खाडाखोडीतून. कवितेत खोडलेले शब्द ते तसेच टाकून देत नसत. एका खोडलेल्या शब्दापासून दुसऱ्यापर्यंत रेघ न्यायचे, मधली जागा भरायचे, आणि त्यातून एखादा चोचवाला प्राणी किंवा चेहरा उभा राहायचा. १९३० मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं. तिन्ही कला त्यांच्याकडे होत्या, पण एकाच दिवशी एकाच तोलाने त्या सुरू झाल्या नव्हत्या.

नोकरी, अभ्यास किंवा घर सांभाळून तिन्ही जपायचं आहे, पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, अशा माणसाला डोळ्यांसमोर ठेवून पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. कलेवर पोट भरण्याचं गणित वेगळं, ते इथे काढलेलं नाही.

पहिली पायरी: तीन महिन्यांपुरती एक कला पुढे ठेवा

तिघींना समसमान वेळ द्यायचा मोह आवरा. पुढचे तीन महिने एक मुख्य आणि बाकी दोन जोडीला. मुख्य कलेत या काळात हात पुढे सरकला पाहिजे. जोडीच्या दोघी नुसत्या जाग्या राहिल्या तरी पुष्कळ झालं. मुदत संपली की क्रम बदला, पण अधेमधे नको. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नव्याची नवलाई ओसरते आणि 'आपला खरा कल दुसरीकडेच आहे' असं हमखास वाटायला लागतं. ते वाटणं वहीत तारीख घालून लिहून ठेवा आणि ठरलेलं काम चालू ठेवा.

मुख्य कोणती हे ठरवताना 'मला जास्त काय आवडतं?' या प्रश्नाचा फारसा उपयोग होत नाही. उत्तर दर आठवड्याला बदलतं. त्याऐवजी बघा, खंड पडला तर जास्त नुकसान कशाचं. वाद्य नव्याने हातात घेतलं असेल तर तेच मुख्य धरा. बोटांच्या हालचाली आणि श्वासाचा ताबा अजून पक्का नसतो, त्यामुळे आठवडाभराची सुट्टीही लगेच जाणवते. तारेच्या वाद्यावर सुरुवातीला बोटांची टोकं दुखतात, मग कातडी घट्ट होते. मध्ये मोठा खंड पडला की दुखणं पुन्हा पहिल्यापासून. चित्रातली नजर इतक्या लवकर उतरत नाही. आणि लेखन तर सगळ्यात सोशिक. लिहीत नसतानाही वाचन, ऐकणं, माणसं बघणं चालूच असतं, आणि ते सगळं पुढे कामी येतं.

पाउल क्ली (जन्म १८७९) संगीतकारांच्या घरातला. लहानपणापासून व्हायोलिनवर हात बसलेला, आणि त्यातच पुढे जाण्याइतपत बसलेला. त्याने चित्रकला निवडली, पण व्हायोलिन टाकलं नाही, आयुष्यभर वाजवत राहिला. मुख्य आणि जोडीची म्हणतो ती हीच विभागणी.

दुसरी पायरी: सामान थोडं घ्या, पण नजरेसमोर ठेवा

चित्रासाठी एचबी, २बी आणि ४बी अशा तीन पेन्सिली आणि कोऱ्या पानांची ए-५ वही बस्स झाली. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि माती यांचं मिश्रण. माती जास्त तितकी रेघ कडक आणि फिकी, ग्रॅफाइट जास्त तितकी मऊ आणि काळी. त्यामुळे बीचा आकडा वाढेल तशी छटा गडद होते. पेन्सिलीला १०० ते १२० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद पुरतो. जलरंगाला तोच वापरलात तर पाण्याने फुगून त्याच्या लाटा होतात. तिथे ३०० जीएसएमचाच घ्या. पेनाने काढून वरून रंग द्यायचा असेल तर शाई पाण्याने न फुटणारी आहे ना, ते आधी एका कोपऱ्यात करून बघा. फार सुंदर, जाड पुठ्ठ्याची वही मात्र मी कुणाला घ्यायला सांगणार नाही. तिच्या पहिल्या पानावर काही काढायची हिंमतच होत नाही.

संगीतासाठी गळा असेल तर तानपुऱ्याचं आणि मेट्रोनोमचं, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणारं, ॲप पुरेसं. वाद्य शक्यतो आधी उसनं किंवा भाड्याने घ्या. महिनाभर रोज हातात आलं तर विकत घ्यायचं बघा. आणि पेटीत, कपाटात बंद करून ठेवू नका. झाकण उघडायचे, कव्हर काढायचे ते दोन मिनिटांचे कष्टसुद्धा थकलेल्या संध्याकाळी भारी पडतात. हेडफोन लावून सराव करणाऱ्यांनी आवाजाकडे लक्ष द्यावं. ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला ती निम्मी होते: ८८ ला ४ तास, ९१ ला २. कान गेला की परत मिळत नाही.

लेखनाला काय लागतं ते सांगायला नको.

तिसरी पायरी: वेळ बांधून घ्या

ॲन्थनी ट्रोलॉप हा इंग्रज कादंबरीकार टपालखात्यात नोकरी करायचा. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पाव तासाला २५० शब्द असा हिशेब स्वतःकडून वसूल करायचा. हा वेग आपल्याला झेपायचा नाही, झेपायची गरजही नाही. पण त्याची दुसरी एक सवय उचलण्यासारखी आहे: बसल्या बसल्या आधी आदल्या दिवशीचं लिहिलेलं वाचून काढायचं. तिन्ही कलांना हे लागू पडतं. कालचं रेखाटन दोन मिनिटं बघा, कालचं रेकॉर्डिंग एकदा ऐका. बैठक लवकर जमते आणि 'आज काय करू?' यात वेळ जात नाही.

सुरुवातीला मुख्य कलेला आठवड्यातून पाच दिवस, चाळीसेक मिनिटं. जोडीच्या दोघींना तीन-तीन दिवस, दहा-पंधरा मिनिटं. एक दिवस पूर्ण रिकामा. वेळ घड्याळाशी बांधण्यापेक्षा रोजच्या एखाद्या कामाला बांधली तर जास्त टिकते: अंघोळीनंतर, दिवेलागणीला, जेवणाआधी. नवी सवय २१ दिवसांत लागते असं सर्रास सांगतात. त्यावर विसंबू नका. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेले दिवस १८ पासून २५४ पर्यंत होते, मधला आकडा ६६. तीन महिन्यांची मुदत मी म्हणतो ती काही अंशी यासाठीच. त्याच अभ्यासात असंही दिसलं की एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडत नाही. तेव्हा काल राहिलं म्हणून आज दुप्पट बसायचं, असा दंड स्वतःला लावू नका. दुप्पट बसलेला माणूस परवा दांडी मारतो.

चौथी पायरी: प्रत्येक कलेचा मूळ रियाज

चित्रापासून सुरू करू. नवख्याचा हात वाईट नसतो, तो बघतच कमी. समोरचा डोळा न बघता, डोळा 'कसा असतो' ते डोक्यातून काढतो: बदामाचा आकार, मध्ये गोळा. डोकं काढताना डोळे जवळजवळ कपाळात नेऊन ठेवतो. खरं तर ते टाळू ते हनुवटी या अंतराच्या साधारण निम्म्यावर येतात. आरशासमोर पेन्सिल धरून मोजून बघा, पटेल.

यावर उतारा म्हणजे कागदाकडे न बघता काढणं. डावा हात (डावखुऱ्यांनी उजवा) थोडा वळवून टेबलावर ठेवा. पेन्सिल कागदाला टेकवा आणि नजर मनगटाच्या कडेवर. आता नजर मुंगीच्या चालीने कडेवरून सरकेल तशीच पेन्सिल सरकू द्या. अंगठ्याच्या बुडाशी सुरकुती दिसली की आत वळा, तिच्या टोकाशी जाऊन परत या. नखाची कड, पेराचा उंचवटा, काही सोडू नका. पाच मिनिटं पेन्सिल उचलायची नाही आणि कागद बघायचा नाही. शेवटी जे दिसेल ते हसण्यासारखं असेल: बोटं एकमेकांत गेलेली, मनगट भलतीकडे. पण त्यातला एखादा तुकडा, बहुधा एखाद्या सुरकुतीचा, असा जिवंत उतरलेला असतो की आपणच काढला यावर विश्वास बसत नाही. आठवडाभर एवढंच करा. नंतर खुर्ची काढा, पण खुर्ची न काढता तिच्या पायांमधल्या आणि पाठीमधल्या रिकाम्या जागांचे आकार काढा. खुर्ची आपोआप येते. मग छटा: डोळे अर्धवट मिटून समोरचं बघा, बारकावे पुसले जातील आणि उजेड, मधलं, गडद अशा तीनच छटा उरतील. त्या तिन्हींत चित्र बसवा.

संगीतात पहिलं काम सूर लावण्याचं. बहुतेक वाद्यं ४४० हर्ट्झच्या 'ए' स्वराशी जुळवतात, पण गळ्याचा षड्ज, म्हणजे 'सा', आपल्याला झेपेल तिथे धरायचा असतो. नवखे इथे हटकून फसतात: आवडत्या गायकाची पट्टी धरतात आणि वर ताणून गातात. आरामात बोलताना आवाज जिथे असतो, त्याच्या आसपास षड्ज शोधा. तानपुरा लावून तोच एक स्वर, श्वास पुरेल तोवर, न हलवता. सूर नेमका मिळाला की गळ्यातला आवाज तानपुऱ्यात विरघळल्यासारखा वाटतो. जरा चुकला की एक थरथर ऐकू येते. ती थरथर ओळखू यायला लागली म्हणजे कान तयार व्हायला लागला. पुढे सा रे ग प ध या पाचच स्वरांत खेळा. भूप राग याच पाचांवर उभा आहे, आणि या स्वरांच्या चाली जगभरच्या लोकसंगीतात सापडतात. दोन लगतच्या स्वरांत अर्ध्या सुराचं अंतर यात कुठेच नाही, म्हणून स्वर कसेही जुळवले तरी फारसं कानाला खटकत नाही.

वाद्यावर एखादी जागा अडते तेव्हा लोक सुरुवातीपासून पुन्हा वाजवतात. त्यामुळे सुरुवात उत्तम होते आणि अडलेली जागा तशीच राहते. उलटं करा. अडलेले तीन-चार स्वर बाहेर काढा, मेट्रोनोम ६० वर, म्हणजे सेकंदाला एक ठोका, लावा आणि जिथे ओळीने तीनदा बिनचूक येतं तो वेग शोधा. तो ४० निघाला तर ४०, लाजायचं कारण नाही. मग चार-पाचने वाढवा. शेवटी त्या जागेच्या आधीचा एक आणि नंतरचा एक स्वर जोडून घोटा, कारण खरी मेख बहुतेकदा सांध्यात असते. वीस मिनिटं असं केलं की बोटं थकतात आणि 'काहीच झालं नाही' असं वाटतं. दुसऱ्या दिवशी तीच जागा पुष्कळदा सहज निघते, कारण हालचाली झोपेत पक्क्या होतात. म्हणूनच एकदम तीन तासांपेक्षा रोज थोडं बरं.

लेखनाचा मूळ रियाज दोन प्रकारचा. एक, दहा मिनिटं हात न थांबवता, खाडाखोड न करता लिहिणं. त्यातलं नव्वद टक्के टाकाऊ निघेल आणि तसंच निघायला हवं. दोन, बघून लिहिणं: समोरच्या एका गोष्टीबद्दल दहा वाक्यं, पण 'सुंदर', 'विलक्षण', 'उदास' असली विशेषणं बंद. डोळ्याला दिसलं, कानाला ऐकू आलं, हाताला लागलं तेवढंच. कागदाकडे न बघता हात काढणाऱ्याला हे जड जात नाही. नजर तीच आहे. खर्डा झाल्यावर मोठ्याने वाचा. श्वास तुटतो तिथे वाक्य लांबलंय, जीभ अडखळते तिथे शब्दांचा क्रम चुकलाय. आणि गाणाऱ्याचा कान इथे फार मदतीला येतो. चार वाक्यं एकाच लांबीची, एकाच 'आहे'वर संपणारी आली की त्याला समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पुन्हा पुन्हा आपटल्यासारखं होतं. आणखी एक: पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचून बघा. पुष्कळदा लेख तिथूनच सुरू होत असतो.

पाचवी पायरी: वही एकच

तिन्हींसाठी वेगवेगळ्या वह्या करू नका. डाव्या पानावर शब्द, उजव्या पानावर रेघा. सुचलेली चाल सरगममध्ये जिथे जागा मिळेल तिथे. सरगम लिहिता येत नसेल तर फोनवर गुणगुणून ठेवा, पण फाइलला तारीख आणि दोन शब्दांचं नाव लगेच द्या, 'नवीन रेकॉर्डिंग १४७' मध्ये काय आहे हे महिन्याभराने कुणीही सांगू शकत नाही. आठवड्यातून एकदा वही चाळा. एकाच पानावर छत्रीचं रेखाटन आणि वाट बघणाऱ्या माणसाबद्दलची ओळ अपघाताने शेजारी आलेली असते. असे शेजार वेगळ्या वह्यांत जुळत नाहीत.

सहावी पायरी: एक विषय, तिन्ही कला

आता या तिघींची गाठ घालायची. रशियन संगीतकार मुसोर्गस्कीचा चित्रकार-वास्तुकार मित्र व्हिक्टर हार्टमन १८७३ मध्ये अचानक गेला. पुढच्या वर्षी त्याच्या कामाचं प्रदर्शन भरलं आणि ते बघून मुसोर्गस्कीने पियानोसाठी चित्रांवर आधारित दहा तुकड्यांची रचना केली. गंमत अशी की, एका चित्रापासून दुसऱ्याकडे चालत जाणारा प्रेक्षकही त्यात आहे: तुकड्यांच्या मध्ये एक चालण्याची धून येते, आणि ती दर वेळी थोडी बदललेली असते. दुसऱ्या कलेतून नक्की काय उचलायचं, याचा हा धडा आहे. त्याने चित्रांसोबत त्यांच्यापुढून चालणाराही संगीतात आणला.

आपण लहान विषय घेऊ. जिना म्हणा. पहिल्या बैठकीत तो तीनदा काढा: खालून, वरून, आणि फक्त पायऱ्यांच्या सावल्या. दुसऱ्या बैठकीत जिन्यात बसून ऐका. चढणारी पावलं सावकाश आणि जड, उतरणारी भरभर; कुणी दोन पायऱ्या एकदम घेतो, कुणी मधल्या वळणावर थांबतो. त्यातली एक चाल पकडून आठ मात्रांत बसवा, आधी टाळीने, मग पाचपैकी तीन स्वर घेऊन. थांबलेल्या मात्रा रिकाम्याच ठेवा. तिसऱ्या बैठकीत दीडशे शब्द लिहा: दाराआडून कुणीतरी येणाऱ्याची पावलं ऐकतंय. तो माणूस दाखवायचा नाही, नुसती पावलं. तिसऱ्या दिवशी लिहायला बसाल तेव्हा मजकूर निम्मा तयार असतो.

हे सगळं एका कागदाच्या पुस्तिकेत बसवा. ए-४ कागद लांबीत दुमडा, नीट घडी मारा, उघडा. मग रुंदीत दुमडा, पुन्हा एकदा रुंदीतच दुमडा आणि उघडा. आठ समान चौकोन दिसतील. कागद एकदाच रुंदीत मिटलेला धरा, बंद कड स्वतःकडे, आणि त्या कडेच्या मध्यापासून आतल्या आडव्या घडीपर्यंत लांबीच्या घडीवरून कात्रीने कापा, पुढे नाही. आता कागद पूर्ण उघडून लांबीत दुमडा आणि दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकला. मधली चीर उघडून अधिकचं चिन्ह तयार होईल. पानं एका बाजूला वळवली की ए-७ आकाराची आठ पानांची पुस्तिका हातात येते, ना टाचणी ना डिंक. कोणतं पान कुठे येतं याचा घोळ टाळायला आधी घडी घाला, पेन्सिलीने पानांवर आकडे टाका, मगच उघडून काम करा. उघडल्यावर काही पानं उलटी दिसतील, ती तशीच असतात. मुखपृष्ठ, तीन रेखाटनं, मजकुराची तीन पानं आणि मागच्या पानावर सरगम. सगळं कागदाच्या एकाच बाजूला असल्याने हव्या तितक्या झेरॉक्स निघतात.

विल्यम ब्लेक कविता आणि चित्र एकाच तांब्याच्या पत्र्यावर कोरून स्वतः छापायचा, आणि तो व त्याची बायको कॅथरीन त्या प्रती हाताने रंगवायचे. झेरॉक्सवर दोन रंग हाताने भरायचा उद्योग करून बघा. प्रत्येक प्रत थोडी निराळी होते आणि ज्याला द्याल तो ती सहसा टाकत नाही.

सातवी पायरी: अपुऱ्या कामांना मर्यादा घाला

तीन नाद असलेल्याला पळवाटाही तीन असतात. लेख अडला की चित्राकडे, चित्र अडलं की गाण्याकडे. वरून हे व्यासंगासारखं दिसतं. रशियातला बोरोदिन पेशाने रसायनशास्त्रज्ञ, आणि संगीतकार म्हणूनही मोठा. १८६९ मध्ये त्याने ऑपेरा लिहायला घेतला. १८८७ मध्ये तो गेला तेव्हाही ऑपेरा अपुराच होता. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह या संगीतकार मित्रांनी तो मागाहून पुरा केला. आपल्याला असे मित्र मिळतीलच असं नाही.

तेव्हा नियम करा: तिन्ही कलांत मिळून एका वेळी तीनच कामं अपुरी. चौथं सुचलं तर वहीच्या शेवटच्या पानावर 'नंतर' म्हणून टिपून ठेवा आणि आधीचं एक संपवा, नाहीतर उघडपणे सोडून द्या. सोडणंही चालतं, पण वहीत तसं लिहून. आणि काम अडलं तर कला बदलायच्या आधी अडचण कसली आहे ते बघा. हात थकलाय? मग थांबा. पुढे काय ते माहीत नाही? तर तोच विषय दुसऱ्या कलेतून पाहा. गोष्टीतली खोली डोळ्यांसमोर येत नसेल तर तिचा आराखडा काढा. कंटाळा आलाय? कंटाळ्यावर मात्र कला बदलू नका, दहा मिनिटं आणखी बसा.

आठवी पायरी: दाखवा, आणि हक्काचं भान ठेवा

'कसं वाटलं?' विचारलं की 'छान' एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी नेमकं विचारा: कुठे वाचायचं थांबावंसं वाटलं? आधी नजर कुठे गेली? धून एकदा ऐकून कुठला भाग लक्षात राहिला? चित्राचा फोटो खिडकीच्या उजेडात, थेट ऊन न पडता, कागदाला समांतर धरून काढा. फ्लॅशने कागदाचा पोत मरतो.

दुसऱ्याच्या कवितेला चाल लावणं, दुसऱ्याच्या फोटोवरून चित्र काढणं हे घरी सरावाला ठीक. बाहेर मांडायचं असेल तर हक्क संपलाय का ते बघा, नाहीतर परवानगी घ्या. गाण्यात शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क निरनिराळा असतो, त्यामुळे कवी होकार देईल तेवढ्याने काम होत नाही. तुमच्या स्वतःच्या कामाला बर्न करारात (लेखक-कलावंतांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) सामील असलेल्या देशांत, आणि जगातले बहुतेक देश त्यात आहेत, नोंदणी न करताही संरक्षण मिळतं. तरी प्रत्येक कामावर तारीख आणि नाव घाला आणि प्रती दोन ठिकाणी ठेवा. वाद उठला तर तारखेचा उपयोग होतो. मेट्रोनोमचंच बघा: कल्पना आम्स्टरडॅमच्या विंकेलची, पण १८१५ चं पेटंट मेल्झेलच्या नावावर, आणि आजही लोकांना नाव मेल्झेलचंच ठाऊक.

तीन महिने झाले की सगळं एकदा टेबलावर मांडा: वही, पुस्तिका, रेकॉर्डिंगची यादी. मुख्य कलेत कुठली एक गोष्ट आता जमते जी तेव्हा जमत नव्हती, ते एका ओळीत लिहा. मग पुढची मुख्य निवडा. आतापर्यंतची मुख्य कला एकदम बंद करू नका. पहिले दोन आठवडे तिला रोज पंधरा मिनिटं द्या, मग आठवड्याला तीन दिवसांवर आणा. वाद्य असेल तर त्या पंधरा मिनिटांत नवं काही न घेता जुन्यातल्या अडलेल्या जागाच घोटा.